अंबाडीचा तास



गेल्या भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी आमच्या गटातल्या पाचजणी अंबाडी शोधत फिरल्या. आपल्याकडं नैवेद्याला पुरण आलं, आंबील आली, कढी आली, सोळा भाज्या आल्या, तरी अंबाडीची भाजी नसली की पान अपुरं वाटतं. पाचजणींच्या घरची मिळून चाळीस एकर जमीन आहे. त्यात अंबाडीचं एक झाड सापडलं नाही. शेवटी बाजारातून वीस रुपयाला एक अशा माना टाकलेल्या जुड्या आणल्या. निवडायला बसलो तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "आमच्या वक्ताला ही भाजी कुणी इकत घेत होतं का गं? रानातून येताना वटा भरून आणायची. आता कुठं दिसायलीच नाही. गेली कुठं?"

आजींचा प्रश्न साधा होता, पण आम्हाला कुणालाच उत्तर देता आलं नाही. मग आम्ही म्हाताऱ्या बायकांना विचारत गेलो, शिकलेल्या पोरींना पुस्तकं बघायला लावली. जे हाती आलं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे अंबाडी मुळात आपली नाही. ती आफ्रिकेतली. तिच्या दोन जाती आपण ओळखतो, एक हिरव्या देठाची आणि एक लाल. दोन्ही आफ्रिकेतून आल्या. फूल दोन्हींचं पिवळसर आणि आत गडद जांभळा डोळा. आता ज्या भाकरीसोबत आपण ही भाजी खातो ती ज्वारीसुद्धा आफ्रिकेतलीच. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी ती आपल्या देशात आली. चवळीही तिकडचीच. मिरची आणि शेंगदाणे तर अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या काळात आलेले. म्हणजे ज्याला आपण शंभर टक्के गावरान ताट म्हणतो, त्यातली निम्मी मंडळी परमुलखातून नांदायला आलेली आहेत. आपल्यासारखीच की!

आफ्रिकेत नायजेरिया नावाचा देश आहे. तिथं इग्बो लोक राहतात. त्यांच्या बायका एक पातळ पालेभाजी करतात, तिचा पाला कडू असतो. तो पाण्यात चोळायचा, पिळायचा, पुन्हा चोळायचा, असं करून कडूपणा काढतात. मग आळूच्या जातीचा कंद शिजवून, कुटून त्यात घालतात, म्हणजे रस्सा दाट होतो. वरून लाल रंगाचं पामतेल. आणि त्यासोबत कंदाच्या उकडीचा गोळा हातानं तोडून, रश्श्यात बुडवून खायचा. हे ऐकलं तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, "ही तर आपलीच रीत झाली." खरंच तसं आहे. आपण अंबाडी उकडून आंबट पाणी काढून टाकतो, ज्वारीच्या कण्या घालून दाट करतो, वरून लसणाची फोडणी ओततो आणि भाकरीच्या तुकड्यानं खातो. पाल्याचा अवगुण काढायचा, थोड्या पाल्यात दाणे किंवा कंद घालून घरभर पुरवायचं, ही अक्कल त्यांनाही सुचली आणि आपल्यालाही. त्याच देशाच्या उत्तर भागात लाल अंबाडीच्या बोंडांचं गडद लाल सरबत करतात, त्याला झोबो म्हणतात.

आता आपल्या रानाकडं येऊ. इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते. आपल्या बापजाद्यांनी अंबाडी भाजीसाठी पेरलीच नव्हती. ती पेरली दोरासाठी. भाजी हा बायकांनी त्यातून काढलेला वरकड नफा.

ज्वारीच्या, कापसाच्या रानात चार-सहा तासांनंतर एक तास तुरीचा असायचा, त्यातच किंवा कडेनं अंबाडी. श्रावण-भादव्यात कोवळी पानं खुडायची, भाजी खायची. नंतर झाड डोक्याच्या वर जायचं, काट्यांनी हात ओरबाडायचं, तेव्हा त्याच्या वाटेला कुणी जायचं नाही. दिवाळीच्या आसपास ते कापून, पेंढ्या बांधून नाल्यात नाहीतर डोहात कुजत घालायचे. त्याचा वास ज्यानं घेतला तो विसरणार नाही. साल सुटली की ओढून काढायची, धुवायची, वाळवायची. तो झाला वाख. त्या वाखातून कासरा, दावं, चऱ्हाट, मुसकी, शिंकं, बाजेची दोरी, मोटेचा नाडा निघायचा. दोर वळायची कला मातंग समाजाच्या हातात होती. पोळ्याला बैलांच्या अंगावर नवे दोर चढायचे ते त्यांच्या घरून यायचे आणि बदल्यात सुगीला धान्याचं बलुतं जायचं. घरातल्या म्हाताऱ्याही मांडीवर वाख घेऊन दोरी वळत बसायच्या. एका झाडावर सगळा गाव बांधलेला होता, असं म्हटलं तर ते अगदी शब्दशः खरं आहे.

1947 साली देशाची फाळणी झाली तेव्हा तागाची बरीच जमीन पूर्व पाकिस्तानात गेली आणि कलकत्त्याच्या गिरण्या इकडं राहिल्या. मग गोणपाटासाठी ताग कमी पडू लागला, म्हणून सरकारनं तागाच्या जोडीला अंबाडी लावायला उत्तेजन दिलं. आपल्या बांधावरच्या झाडाला असा एकदा दिल्लीचा मानही मिळाला होता.

पण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच. अंबाडी पेरायचं कोण?

तिफण पुरुष हाकायचा. तिच्यामागं दोरीनं सरता बांधलेला असायचा. बांबूची नळी आणि वर पेला, एवढंच ते अवजार. त्या सरत्यावर बाई असायची. ओटीत तुरीचं, अंबाडीचं बी, आणि मुठीनं ते पेल्यात सोडत ती तिफणीमागं दिवसभर चालायची. कुठं तूर सोडायची, कुठं मूठभर अंबाडी, कुठं चवळी, मटकी, कारळ, हे पुष्कळदा तिचं तीच ठरवायची. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, पण तासावर तिची मूठ होती. बी राखायचं कामही तिचंच. राखेत कालवून गाडग्यात, गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपून.

72 चा दुष्काळ आला तेव्हा ही मूठ रिकामी झाली. आमच्या गटातल्या दोन आजी त्या वर्षी सुनांच्या वयाच्या होत्या. खडी फोडायला जायच्या, कामावर सुकडी मिळायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खायची, तिची भाकरी नीट थापली जायची नाही. मग तिच्याच कण्या करून, मिळेल तो तरोट्याचा पाला घालून रटरटवायच्या. अंबाडी पावसाशिवाय कुठली यायला? बी सुद्धा काही घरांत पोटात गेलं. त्याच वर्षी, 18 मे 1972 ला, आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. एकीकडं खाणं संपलेलं आणि दुसरीकडं नवी शेती सुरू होत होती.

नव्या शेतीनं पोट भरलं, हे आम्ही नाकारत नाही. 1964 साली ज्वारीचं पहिलं हायब्रीड वाण आलं, पुढं एकामागून एक येत गेली. नव्वद सालानंतर आपल्याकडं सोयाबीन पसरलं, 2002 नंतर बीटी कापूस. सोयाबीनला पैसा लवकर येतो, पोरांच्या फिया भरता येतात. पण अंबाडीचं काय झालं ते बघा. बैल कमी झाले, तर दोर कुणाला पाहिजेत? उरलेल्या बैलांना नायलॉनचे दोर आले, स्वस्त आणि न कुजणारे. मोटेच्या जागी इंजिन आलं, मग मोटर. तिफणीच्या जागी ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, त्याला सरता नाही. आणि सरता नाही म्हणून बाई नाही. आता पेरणीच्या दिवशी आपण डबे घेऊन जातो आणि बांधावर उभ्या राहतो.

शेवटचा घाव तणनाशकाचा. पूर्वी खुरपायला गेलं की तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू असं काहीबाही ओट्यात यायचंच. (पाथरी म्हणजे भाजी हं, तालुका नव्हे.) आता फवारा मारला की चार दिवसांत सगळं पिवळं. मागच्या वर्षी आमच्यातल्याच एकीनं सोयाबीनच्या कडेचा तांदुळजा खुडून आणला. आदल्या दिवशी तिथं फवारणी झाली होती, हे तिला कळलं तेव्हा भाजी लेकरांच्या ताटात होती. रात्रभर कुणाच्या डोळ्याला डोळा नव्हता. लेकरं वाचली, पण तेव्हापासून ती बांधावरचं काही खुडत नाही. तिची भीती आम्ही चुकीची म्हणत नाही. फवारलेल्या रानातला पाला खायचाच नाही. घरात कोण कधी काय फवारतं हे मात्र आपण विचारायलाच हवं.

एक राहिलं. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. ते राज्य तीन भाषांत वाटलं गेलं. पण तेलंगणातली बाई अंबाडीला गोंगुरा म्हणते आणि तिची चटणी करते. कलबुर्गीकडची बाई तिला पुंडी म्हणते, तीही ज्वारीच्या कण्या घालते आणि ज्वारीच्याच भाकरीबरोबर खाते. सरहद्दी बदलल्या, भाजी तीच राहिली. आमच्या गटात एक सून निजामाबादकडून आली आहे. तिच्या हातची चटणी खाल्ल्यावर सासूनं पहिल्यांदा तिचं कौतुक केलं, असं ती स्वतःच सांगते.

आता करायची रीत. अंबाडीच्या दोन जुड्यांची पानं देठ काढून धुऊन घ्या. बुडेल इतक्या पाण्यात उकडा, पाणी काढून टाका, पाला पिळा. फार आंबट चालत असेल तर सगळं पिळू नका. पाव वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या धुऊन, हळद घालून मऊ शिजवा. त्यात पाला, मीठ, गुळाचा लहान खडा आणि भिजवलेले शेंगदाणे घालून डावानं घोटा. पळीतून सरकन पडेल इतकी पातळ ठेवा, कण्या गार झाल्यावर घट्ट होतात. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. अल्युमिनियममध्ये आंबट शिजवू नये, आणि बिनकल्हईच्या पितळेत तर भाजी कळकते. वर करडईच्या तेलाची फोडणी, भरपूर ठेचलेला लसूण, तीन-चार लाल मिरच्या. लसूण तांबूस होईपर्यंत थांबायचं, घाई केली की चव गेली.

बियाचं सांगतो. जिंतूरकडच्या एका बाईच्या माहेरी गाडग्यात बी निघालं. तिनं आम्हाला ओंजळभर दिलं. यंदा सहाजणींनी घरी बोलून एक-एक तास मागून घेतला आहे. पाचजणींना कापसाच्या कडेला मिळाला, एकीला नाही मिळाला, तिनं उकिरड्याशेजारी लावलं. तिचंच सगळ्यात चांगलं उगवलं आहे. झाडं चार बोटं झाली आहेत. बोंडं वाळली की ज्यांना बी पाहिजे त्यांनी गटाच्या बैठकीला यावं, येताना रिकामं गाडगं आणि मूठभर राख आणावी.