दुबळ्या पायांसाठी धावणारे सबळ पाय

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम संपला की जानेवारीत एक वेगळाच सामना रंगतो. त्यात ना विजेतेपद पणाला लागलेले असते, ना एखाद्या विद्यापीठाची प्रतिष्ठा. देशभरातील निवडक खेळाडूंचे दोन संघ केवळ या एका सामन्यापुरते बांधले जातात आणि त्याचे उत्पन्न व त्याला मिळणारी प्रसिद्धी मुलांच्या रुग्णालयांच्या कामी येते. 'ईस्ट-वेस्ट श्राइन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सामन्याने २०२५ च्या डिसेंबरमध्ये शंभर वर्षे पूर्ण केली.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जाणारा पायचेंडू नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडत पुढे सरकण्याचा हा अंगमस्तीचा खेळ. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान आणि पदोपदी दुखापतीची शक्यता. अशा खेळातील धडधाकट तरुणांनी चालू न शकणाऱ्या मुलांसाठी मैदानात उतरावे, या विरोधाभासातच या सामन्याचे आकर्षण दडलेले आहे.

लाल टोपीची संघटना

सामन्याची पाळेमुळे 'श्राइनर्स' या संघटनेत आहेत. फ्रीमेसन पंथातील काही सभासदांनी १८७० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये ती स्थापन केली. गोंडा लावलेली लाल तुर्की टोपी, अरबी धर्तीची नावे आणि मिरवणुका हा तिचा बाह्य थाट. अरब जगाशी किंवा इस्लामशी तिचा प्रत्यक्ष संबंध मात्र नाही. प्रारंभी मौजमजा आणि बंधुभाव यांपुरत्याच मर्यादित असलेल्या या मंडळाला १९२० मध्ये निश्चित ध्येय मिळाले. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे भरलेल्या अधिवेशनात अपंग मुलांसाठी रुग्णालय उभारण्याचा ठराव संमत झाला. प्रत्येक सभासदाने त्यासाठी वर्षाला दोन डॉलर द्यावेत, असे ठरले.

तो काळ पोलिओच्या दहशतीचा होता. प्रतिबंधक लस येण्यास अद्याप तीन दशकांहून अधिक अवकाश होता आणि अस्थिशल्यचिकित्सा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे १९२२ मध्ये पहिले रुग्णालय सुरू झाले आणि पाठोपाठ सॅन फ्रान्सिस्कोसह अनेक शहरांत त्याच्या शाखा निघाल्या. पालकांची पैसे देण्याची ऐपत न पाहता उपचार करायचे, हे तत्त्व आरंभापासून स्वीकारले गेले. साहजिकच निधीचे नवे मार्ग शोधणे भाग होते.

पहिला सामना

सॅन फ्रान्सिस्कोतील श्राइनर्सनी हा मार्ग फुटबॉलमध्ये शोधला. देशाच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील महाविद्यालयांचे उत्तम खेळाडू एकमेकांसमोर उभे करायचे, अशी ती कल्पना. रेल्वेने खंड ओलांडायला कित्येक दिवस लागत असलेल्या त्या काळात पूर्वेकडील नामांकित खेळाडू पश्चिम किनाऱ्यावरील प्रेक्षकांना क्वचितच दिसत. त्यामुळे ही कल्पना लोकांना भावली. २६ डिसेंबर १९२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या युइंग फील्डवर पहिला सामना झाला आणि पश्चिमेने तो ६-० असा जिंकला. पुढे गोल्डन गेट पार्कमधील केझर स्टेडियम हे या सामन्याचे दीर्घकाळचे घर ठरले.

दुबळ्या पायांना चालता यावे म्हणून सबळ पाय धावतात, अशा आशयाचे ब्रीदवाक्य सामन्याला मिळाले. सामन्याच्या आठवड्यात खेळाडूंनी रुग्णालयात जाऊन मुलांना भेटायचे, ही प्रथाही पडली. मैदानावरील गडगडाटाचा अर्थ काय, हे त्या भेटीत खेळाडूंना कोणत्याही भाषणाशिवाय कळत असे.

दुसऱ्या महायुद्धाची झळ या सामन्यालाही बसली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मोठा जमाव एकत्र येणे धोक्याचे मानले गेले. त्यामुळे जानेवारी १९४२ चा सामना न्यू ऑर्लिन्सला हलवण्यात आला. तो ६-६ असा बरोबरीत सुटला. पुढच्या वर्षी सामना पुन्हा सॅन फ्रान्सिस्कोत परतला. कोविडच्या साथीमुळे २०२१ मध्ये मात्र तो खेळवताच आला नाही.

अध्यक्ष आणि अव्वल खेळाडू

या सामन्यात उतरलेल्यांपैकी सर्वांत वेगळी वाट चोखाळली ती जेराल्ड फोर्ड यांनी. मिशिगन विद्यापीठाचा हा खेळाडू १ जानेवारी १९३५ रोजी पूर्वेकडून खेळला. व्यावसायिक संघांनी देऊ केलेल्या जागा नाकारून फोर्ड यांनी येल विद्यापीठात प्रशिक्षकाचे काम पत्करले, तेथेच कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९७४ मध्ये ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

मिशिगनचाच टॉम ब्रॅडी २००० च्या सामन्यात खेळला. त्या वर्षीच्या व्यावसायिक निवडप्रक्रियेत त्याच्या आधी १९८ जणांची निवड झाली होती. त्याच ब्रॅडीने पुढे सात 'सुपर बोल' विजेतेपदे पटकावली. २०२२ च्या सामन्यासाठी निवडला गेलेला ब्रॉक पर्डी तर त्या वर्षी सर्वांत शेवटी, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि लवकरच सॅन फ्रान्सिस्को संघाचा आधारस्तंभ बनला. दुर्लक्षित खेळाडूला आपले कसब दाखवण्याची ही शेवटची संधी असते. सरावाच्या दिवसांत व्यावसायिक संघांचे निवडतज्ज्ञ वही-पेन्सिल घेऊन बसतात. त्यांच्या दृष्टीने प्रत्यक्ष सामन्यापेक्षा हा सरावच अधिक मोलाचा ठरतो.

२००५ पासून येथे पॅट टिलमन यांच्या नावे पुरस्कार दिला जातो. व्यावसायिक फुटबॉल सोडून टिलमन सैन्यात दाखल झाले आणि २००४ मध्ये अफगाणिस्तानात स्वपक्षाच्याच गोळीबारात मृत्यू पावले. चारित्र्य, बुद्धिमत्ता आणि सेवाभाव यांचा या पुरस्कारासाठी विचार होतो.

दुखापतीचा प्रश्न

धर्मादाय सामन्यांपुढील खरी अडचण शिकागोच्या उदाहरणावरून समजते. 'शिकागो ट्रिब्यून'चे क्रीडासंपादक आर्च वॉर्ड यांनी १९३४ मध्ये महाविद्यालयीन निवडक संघ विरुद्ध व्यावसायिक विजेते असा सामना सुरू केला. त्याचे उत्पन्नही धर्मादाय कार्याला जाई. परंतु करारबद्ध केलेले नवे खेळाडू हंगामापूर्वी जायबंदी होण्याची भीती व्यावसायिक संघांना वाटू लागली. व्यावसायिकांची सरशी नित्याची झाल्याने चुरसही आटली. १९७६ मध्ये मुसळधार पावसात अर्धवट थांबवलेला सामना हा त्या मालिकेतला अखेरचा ठरला.

श्राइन सामना टिकला तो स्वरूप बदलून. प्रेक्षक घटत गेल्याने त्याने सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर सोडला. २००६ पासून सॅन अँटोनियो, ह्यूस्टन, ऑर्लंडो, सेंट पीटर्सबर्ग आणि लास व्हेगास अशी त्याची भटकंती झाली आणि नंतर तो टेक्सासमध्ये आला. पूर्व-पश्चिम ही विभागणीही पूर्वीइतकी काटेकोर राहिली नाही. अलाबामातील 'सीनियर बोल' या प्रतिस्पर्धी सामन्याकडे नामवंत खेळाडूंचा ओढा वाढला. काही अव्वल खेळाडू तर दुखापत टाळण्यासाठी हंगामानंतर मैदानात उतरतच नाहीत. लक्षावधी डॉलरचा करार समोर असताना तरुणाने गुडघा पणाला लावावा का, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

रुग्णालयांचे अर्थकारणही बदलले. २००८ च्या आर्थिक अरिष्टात संस्थेच्या गंगाजळीला मोठी ओहोटी लागली. २००९ मध्ये सहा रुग्णालये बंद करण्याचा प्रस्ताव आला, पण सभासदांनी तो फेटाळला. त्यानंतर विमा कंपन्यांकडून पैसे घेण्यास सुरुवात झाली. ऐपत नसलेल्या मुलालाही उपचार मिळतील, हे मूळ तत्त्व मात्र कायम राहिले. पोलिओ ओसरल्यावर भाजलेली मुले, मणक्याच्या दुखापती आणि दुभंगलेले ओठ यांच्या उपचारांकडेही ही रुग्णालये वळली.

एवढ्या मोठ्या रुग्णालयांचा खर्च एका सामन्याच्या तिकिटांतून भागणे शक्य नाही. त्याचे मोल आहे ते वेगळ्या कारणाने. आपल्या शरीराच्या बळावर भवितव्य घडवू पाहणारा तरुण त्या आठवड्यात अशा मुलाला भेटतो, ज्याच्यासाठी दहा पावले चालणे हाच मोठा विजय असतो. शंभर वर्षांत मैदाने बदलली, नियम बदलले. ही भेट मात्र सामन्याची ओळख बनून राहिली आहे.