'अस्मितादर्श'चे वाङ्मयीन कार्य

मराठी वाङ्मयीन नियतकालिकांचा इतिहास बहुधा मुंबई-पुणे केंद्रस्थानी मानून लिहिला जातो. १९३३ ते १९८२ या काळातील 'सत्यकथा' हा त्या इतिहासाचा मानदंड ठरतो आणि साठोत्तरी लघुअनियतकालिके त्याविरुद्धचे बंड ठरतात. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सत्यकथा'ची केलेली होळी या मांडणीत हमखास येते. त्याच सुमारास मराठवाड्यात जे घडत होते, ते मात्र तळटीपेत राहते.

१९६७ मध्ये गंगाधर पानतावणे यांनी तत्कालीन औरंगाबादेत 'अस्मिता' सुरू केले. पुढे तेच 'अस्मितादर्श' झाले. त्याची पार्श्वभूमी केवळ वाङ्मयीन नव्हती. लोहारा-उमरग्यापासून औरंगाबादपर्यंतचा हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठीतून लिहू पाहणाऱ्या दलित तरुणाची कोंडी म्हणूनच दुहेरी होती: जातीची आणि शिक्षणाच्या भाषेची. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने ती फोडण्यास प्रारंभ केला. 'अस्मितादर्श'चा लेखक आणि वाचक या दोघांनाही प्रामुख्याने याच शिक्षणप्रसाराने घडविले.

श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे संपादन चोखंदळ होते. हस्तलिखिताच्या घडणीविषयी ते लेखकाशी दीर्घ पत्रव्यवहार करीत. परंतु तेथे लेखनाची परंपरा गृहीत धरलेली असे. घरात पहिल्यानेच अक्षर आलेल्या लेखकाला आपला अनुभव साहित्याचा विषय होऊ शकतो, हेच आधी पटावे लागते. हे काम 'अस्मितादर्श'ने केले. त्यात कच्चे लेखनही छापले गेले, हा आक्षेप खोटा नाही; मात्र तो घेणाऱ्यांनी घडणीचे निकष कोणत्या अनुभवातून सिद्ध झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला.

दलित पँथरची स्थापना १९७२ ची. म्हणजे 'अस्मितादर्श' त्या उद्रेकाआधीचे. दलित साहित्याला पँथरचे अपत्य मानणारी सोयीची मांडणी या कालक्रमापुढे टिकत नाही. १९७० च्या दशकात 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावेही भरू लागले. नियतकालिकाचा वाचक तेथे श्रोता आणि वादपटू झाला. १९७९ मध्ये ग्रंथरूपात आलेले प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' याच वातावरणाच्या संदर्भात वाचले, तर त्यातील बोलीचा वापर निव्वळ शैलीची निवड वाटत नाही. समोर बसलेल्या, ओळखीच्या श्रोत्याला उद्देशूनच ते निवेदन चाललेले आहे.