मोहाचे फूल, गुन्ह्याचा पुरावा

नशा करणाऱ्याचा गुन्हा सरकारदफ्तरी नोंदला जातो. त्याच्यावर झालेला अत्याचार नोंदला जात नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी-ठाकरांच्या वाट्याला आलेले कायदे वाचले म्हणजे या मौनाचे कारण सापडते.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू गाळण्याचा धंदा उरणच्या बड्या भट्ट्यांत एकवटत गेला. त्या भट्ट्यांसाठी मोहाची फुले दूरच्या पंचमहालातून येत. इकडे १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तेच फूल बाळगण्यावर निर्बंध घातले. टंचाईत हेच फूल आदिवासीचे अन्न होते. मक्तेदाराच्या भट्टीत ते माल ठरले, कातकऱ्याच्या झोपडीत पुरावा! सरकारचे वैर नशेशी नव्हते. महसूल बुडवणाऱ्या गरिबाशी होते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. बाटलीतली औषधी आणि प्रसाधनद्रव्ये १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदीतून सोडवली. ऐपतवाल्याला पिण्याचा परवाना मिळू लागला. हातभट्टीवाल्याला आणि तिथे पिणाऱ्याला मात्र परवाना नव्हता. त्यांच्या दारात पोलीस होता.

आज द्रव्य बदलले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात खोपोलीजवळच्या कारखान्यात पोलिसांनी शंभर कोटींहून अधिक किमतीचे मेफेड्रोन पकडले. हे उत्तेजक द्रव्य २०१५ पासून १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे. या कायद्यात विकणे गुन्हा आहे, तसे सेवनही गुन्हा आहे. इथेच अत्याचाराचे मूळ आहे. विक्रेत्याने उधारीसाठी मारले, गावाने खांबाला बांधले, चौकीत कोणी हात टाकला, तरी सेवन करणाऱ्याने फिर्याद द्यायची कशी? तोंड उघडणे म्हणजे स्वतःविरुद्ध कबुली देणे. शहरात गर्दी तरी त्याला लपवते. वाडीत त्याचे नाव प्रत्येकाच्या तोंडी असते.

स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीला याच कायद्याचे कलम ६४-अ खटल्यातून सूट देऊ शकते. पण उचल घेऊन वीटभट्टीवर अडकलेला मजूर मान्यताप्राप्त उपचार केंद्र गाठणार केव्हा, आणि त्याला हे कलम सांगणार कोण?

व्यसनाचे आम्ही समर्थन करीत नाही. व्यसनाने आपली घरे बसवली आहेत. परंतु व्यसनी माणसाच्या पाठीवरचा वळ हाही गुन्ह्याचाच पुरावा आहे, आणि तो गुन्हा त्याचा नव्हे. शंभर-सव्वाशे वर्षे कायद्याने फूल तपासले, बाटली तपासली, पुडी तपासली. पाठ अजून कोणी तपासलेली नाही.