सिगारेटवाल्यांची ‘सिगारेट ओढू नका’ मोहीम

१९९८ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने अमेरिकेत टीव्हीवर मुलांसाठी मोहीम काढली: ‘थिंक. डोन्ट स्मोक.’ विचार कर, ओढू नकोस. ऐकायला छानच! पण का ओढू नकोस? कॅन्सर, निकोटिनचं व्यसन, याबद्दल अवाक्षर नाही. सगळा भर ‘निवड तुझी’ यावर. पंधरा वर्षांच्या पोराला तर मोठ्यांसारखं स्वतःच ठरवायचं असतं!

२००२ मध्ये मॅथ्यू फॅरेली आणि सहकाऱ्यांनी अभ्यास छापला. या जाहिराती पाहिलेली मुलं उलट सिगारेटकडे जास्त झुकलेली दिसली. (हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे; आम्हा विज्ञानवाल्यांना हे म्हणावंच लागतं.) कंपन्यांची लबाडी उघडी पाडणाऱ्या ‘ट्रुथ’ मोहिमेबाबत मात्र चित्र नेमकं उलटं होतं.

त्याहून बोलके आहेत खटल्यांमुळे बाहेर आलेले कंपन्यांचे अंतर्गत कागद. टोबॅको इन्स्टिट्यूट या त्यांच्या संघटनेच्या १९९१ च्या टिपणात युवक-कार्यक्रमाचा उपयोग सरळ लिहिलाय: सरकारी निर्बंध रोखणं. मुलं किती सुटली, हा हिशेबच नाही.

म्हणूनच जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम ५.३ ची २००८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की सरकारांनी कंपन्यांचे असे युवक-उपक्रम स्वीकारूच नयेत. भारत २००४ पासून या करारात आहे.