बटणं गेली आणि मराठी आली



मोबाइलच्या दुकानात गेलं की दुकानदार आधी कॅमेरा सांगतो, मग मेमरी, मग स्क्रीन केवढी मोठी ते. या फोनवर तुम्हाला मराठी वाचता येईल का, लिहिता येईल का, हे क्वचितच कुणी सांगतं. आज आपण स्मार्टफोनच्या सुरुवातीच्या काळाकडे बघू या. त्यात एकेक सोय कशी येत गेली, आणि त्यातली कोणती आपल्यासारख्या बायकांसाठी सगळ्यात मोलाची ठरली, ते शोधू या.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, ऑगस्ट १९९४ मध्ये. आयबीएम कंपनीनं बनवलेला ‘सायमन’ नावाचा फोन तिथं विकायला आला. आपल्याकडे तेव्हा मोबाइल आलाच नव्हता. भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून दिल्लीला. सायमनवर बोलता यायचं, शिवाय पत्ते, दिनदर्शिका, हिशोब, ईमेल आणि फॅक्स एवढं सगळं होतं. स्क्रीनला बोट किंवा काडी लावली की काम व्हायचं. म्हणजे टचस्क्रीन तेव्हाच आली होती! पण फोनचं वजन होतं अर्ध्या किलोच्या वर, आणि बोलायला लागलं तर बॅटरी तासाभरात संपायची. किंमत ८९९ डॉलर, तीही दोन वर्षं त्याच कंपनीची सेवा घ्यायच्या अटीवर. सहा महिन्यांत साधारण ५० हजार फोन विकले गेले आणि सायमन बंद पडला.

यातून एक गोष्ट कळते. सोय असून भागत नाही, तिला पेलणारी बॅटरी आणि परवडणारी किंमतही लागते.

पुढे १९९६ मध्ये फिनलंडच्या नोकिया कंपनीनं ‘कम्युनिकेटर’ आणला. चष्म्याच्या डबीसारखा उघडायचा आणि आत संगणकासारखी बटणं. नंतर कॅनडातल्या कंपनीचा ‘ब्लॅकबेरी’ आला. ईमेल आपोआप फोनवर यायचा आणि छोट्या बटणांवर दोन्ही अंगठ्यांनी भराभर उत्तर लिहिता यायचं. साहेबलोकांना हे फार आवडलं. या सगळ्या फोनची ताकद त्यांच्या बटणांत होती. पण बटण प्लॅस्टिकचं असतं. त्यावर एकदा अक्षर छापलं की ते तसंच राहतं. ते अक्षर इंग्रजी असेल, तर फोन कितीही हुशार असला तरी आपल्यासाठी त्याचा दरवाजा अर्धाच उघडा.

आता आपल्याकडे येऊ. २००३ मध्ये नोकियाचा ११०० हा फोन आला. तो स्मार्टफोन नव्हता, साधा बटणाचा फोन. त्यात टॉर्च होती, बटणांवर धूळ बसू नये अशी रचना होती, आणि एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालायचा. जगभरात असे २५ कोटींहून जास्त फोन विकले गेले. त्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यांत रोज कित्येक तास भारनियमन असायचं. अंधारात गोठ्यात जाणाऱ्या बाईला ईमेलपेक्षा टॉर्चचा उपयोग जास्त होता. सोय महत्त्वाची की नाही, हे ती कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

पण या साध्या फोनवर मराठी लिहिणं म्हणजे मोठी कसरत होती. एका बटणावर तीन-चार अक्षरं, हवं ते येईपर्यंत तेच बटण दाबत राहायचं. शिवाय एसएमएसचं गणित आपल्या विरोधात होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तर एका संदेशात १६० अक्षरं मावायची. देवनागरीत लिहिलं तर फक्त ७०. त्यात काना आणि वेलांटीही वेगळी मोजली जायची. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण फोन त्याची पाच अक्षरं धरायचा. मजकूर ७० च्या पुढे गेला की दुसरा संदेश, म्हणजे दुसऱ्यांदा पैसे. त्यामुळे लोक मराठी बोलायचे, पण लिहायचे इंग्रजी अक्षरांत. ज्या बाईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, तिला आलेला संदेश मुलाकडून नाहीतर नवऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा.

अशा वेळी, जानेवारी २००७ मध्ये, अमेरिकेत ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला. आज वाचून नवल वाटेल, पण त्या पहिल्या आयफोनमध्ये बरंच काही नव्हतं. व्हिडिओ काढता येत नव्हता. मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता. बाहेरचं ॲप टाकता येत नव्हतं. तेव्हाच्या इतर फोनमध्ये असलेलं वेगवान थ्रीजी इंटरनेटही नव्हतं. जॉब्ज यांचं म्हणणं एवढंच होतं की, बटणं प्लॅस्टिकमध्ये पक्की बसवलेली असतात, गरज असो वा नसो ती तिथंच राहतात. म्हणून त्यांनी ती काढून टाकली आणि सगळी स्क्रीनवर आणली. लिहायचं असेल तेव्हा अक्षरं दिसतात, नसेल तेव्हा जातात.

मराठीचा विचार करून हे केलेलं नव्हतं. पण स्क्रीनवरचं बटण हे नुसतं चित्र असतं, आणि चित्र बदलता येतं. आज त्यावर ‘ए बी सी’ असेल तर उद्या तिथंच ‘क ख ग’ येऊ शकतं.

आयफोन भारतात आला २२ ऑगस्ट २००८ रोजी, किंमत ३१ हजार रुपये. म्हणजे आपल्या घरात तो येणार नव्हताच. त्याच वर्षी जुलैत ॲपलनं ॲपचं दुकान उघडलं. ऑक्टोबरमध्ये गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेत विकायला आला. अँड्रॉइड ही यंत्रणा कुठलीही कंपनी आपल्या फोनमध्ये वापरू शकत होती, म्हणून पुढे स्वस्त फोन निघाले. एप्रिल २००९ मध्ये अँड्रॉइडमध्ये एक बदल झाला, ज्याची जाहिरात फारशी कुणी केली नाही. स्क्रीनवरचा कीबोर्ड आला, आणि तो कुणालाही बनवता येईल अशी मुभा दिली गेली. कंपनीनं मराठी दिली नाही तर दुसऱ्या कुणी तरी मराठी कीबोर्ड बनवून देऊ शकत होतं.

तरी गाडं एका जागी अडलं होतं. लिहिता आलं, पण दिसेना! सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे. कुठं अक्षरं दिसलीच तर जोडाक्षरं फुटलेली, आणि अक्षराच्या आधी यायची ती पहिली वेलांटी नंतर आलेली. २०११ च्या शेवटी अँड्रॉइडची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी नीट दिसण्याची सोय झाली. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारनं आदेशच काढला. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलवर आपल्या सगळ्या अधिकृत भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता आलं पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं आणि फोन घरोघरी पोचला.

आणि ज्यांना लिहायला जमत नाही त्या बायकांचं काय? त्यांच्यासाठी २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायची सोय आली. गंमत बघा, माइक हा टेलिफोनचा सगळ्यात जुना भाग. पण बोललेलं साठवून पाठवता यायला लागलं, तेव्हा गटातली अक्षरओळख नसलेली बाईही चर्चेत आली.

मग सुरुवातीच्या स्मार्टफोनमधली सगळ्यात मोठी सोय कोणती? माझ्या मते, फोन विकत घेतल्यावरही बदलता येणं, ही. बटणं पक्की होती तोवर फोन बनवणाऱ्याची भाषा आपल्यावर होती. ती स्क्रीनवर आली तेव्हा आपली भाषा फोनवर आणता आली.

पण ही सोय आपोआप चालू होत नाही. अजूनही कितीतरी बायकांच्या हातात मराठी येणारा फोन आहे आणि तो इंग्रजीत चालू आहे, कारण घेताना दुकानदारानं किंवा मुलानं तसा लावून दिला. मग बँकेचं ॲप काय विचारतंय ते कळत नाही, आणि दुसरा कुणी सांगेल तिथं बोट दाबलं जातं. गटाचे पैसे, स्वतःचं खातं, आपली संमती, हे सगळं त्या एका बोटावर असतं.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. हिशोब झाला की पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीनं आपला फोन काढायचा, सेटिंगमध्ये ‘भाषा’ शोधायची आणि मराठी निवडायची. कीबोर्डमध्येही मराठी घ्यायची. जिला जमतं तिनं शेजारणीला दाखवायचं, पण फोन शेजारणीच्याच हातात राहू द्यायचा. आणि मग प्रत्येकीनं पहिला शब्द लिहायचा तो स्वतःचं नाव.