हॉपरचे घराणे : वणवा विझवणाऱ्या विमानाच्या मॉडेलची कुळकथा

वणवा विझवणाऱ्या विमानाचे मॉडेल करायला घेतले की पहिली खटपट असते हॉपरची. हॉपर म्हणजे विमानाच्या धडात बसवलेली, तळाला झडप असलेली टाकी. एअर ट्रॅक्टर एटी-802एफ हे विमान बाजूने पाहिले की त्याची घडण लगेच कळते. पुढे लांब नाक, त्याच्यामागे सुमारे 3,000 लिटरची टाकी, आणि टाकीच्याही मागे, उंचावर, वैमानिकाची बैठक. आगीवर जाणाऱ्या विमानाची ही ठेवण आगीसाठी ठरलेली नाही. ती पिकावर औषध मारण्यासाठी ठरली, आणि विमानाने औषध मारण्याचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो कपाशीवर. खरिपात शिवारेच्या शिवारे कपाशीने भरणाऱ्या जालना जिल्ह्यात हे मॉडेल टेबलावर ठेवले, तर त्याच्या घराण्याची ओळख वावरातूनच करून द्यावी लागते.

विमानातून औषध धुरळण्याचा पहिला प्रयोग 3 ऑगस्ट 1921 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ट्रॉय गावाजवळ झाला. लष्करी वैमानिक जॉन मॅकरेडी यांनी कर्टिस जातीच्या दुपंखी विमानातून कटाल्पाच्या झाडांवर लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. भुकटीची पेटी एटिएन डॉर्मोय यांनी तयार केली होती. पेटी विमानाच्या बाजूला बसवायची आणि हाताने दांडा फिरवून भुकटी सोडायची, एवढीच रचना. हॉपरच्या घराण्याचा मूळ पुरुष हाच.

इथे एक प्रतिपक्ष उभा राहतो. पहिला प्रयोग झाडांवर झाला, तर मूळ रानातच आहे, कपाशीचा संबंध काय? आक्षेप तारखेपुरता खरा आहे. पण एका प्रयोगाने घराणे चालत नाही. त्याला पोट भरणारा धंदा लागतो. तो धंदा पुढच्याच वर्षी लुइझियानातल्या टालुला येथे कपाशीवरच्या प्रयोगांतून आकाराला आला. तिथल्या कपाशीच्या बोंडात भुंगा शिरत होता. आपल्याकडची बोंडअळी म्हणजे पतंगाची अळी. तिथला भुंगा निराळा, सोंडेचा, आणि भारतात तो नाही. नुकसान मात्र त्याच जागी, बोंडातच. त्या भुंग्यासाठी हफ-डालंड कंपनीने खास धुरळणीचे विमान बांधले. तिच्याच धुरळणी विभागातून पुढे डेल्टा ही प्रवासी विमान कंपनी निघाली. कपाशीच्या किडीने एक अख्खी विमान कंपनी जन्माला घातली, तर तिने आगीचे विमानही घडवले असे म्हणणे धाडसाचे ठरत नाही.

दुसरा प्रतिपक्ष अधिक बळकट आहे: भाताचा. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो राष्ट्रीय वनात जुलै 1953 मध्ये रॅटलस्नेक नावाच्या वणव्यात आग विझवणारे 15 जण मेले. त्या वनाचे आगविषयक अधिकारी जो इली यांनी जवळच्या विलोज गावातल्या शेती-वैमानिकांना विचारले की विमानातून आगीवर पाणी टाकता येईल का. फ्लॉइड नोल्टा यांनी मनावर घेतले. नोल्टा मंडळींचा धंदा म्हणजे विमानातून भाताचे बी पेरणे. त्यांच्या हाताशी स्टिअरमन होते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या शिक्षणासाठी हजारोंनी बांधलेले आणि युद्धानंतर स्वस्तात विकले गेलेले हे दुपंखी विमान. पुढच्या बैठकीच्या जागी टाकी बसवली की ते शेतीला चाले. नोल्टांनी टाकीखाली धडाच्या तळाला भोक पाडले, त्यावर बिजागरीची झडप लावली आणि झडपेचा दोर वैमानिकाच्या हाती दिला. 12 ऑगस्ट 1955 रोजी व्हान्स नोल्टा यांनी हे विमान मेंडेनहॉल वणव्यावर नेले आणि दोर ओढला. टाकीत 170 गॅलन, म्हणजे सुमारे 640 लिटर पाणी मावत असे. पुढच्या वर्षी अशा सात विमानांचा ताफा उभा राहिला.

म्हणजे लगतचा बाप भात, हे मान्य करावेच लागते. पण युद्धानंतर स्टिअरमनच्या पुढच्या बैठकीत टाकी बसवण्याची रीत सगळ्या फवारणीवाल्यांची होती, आणि त्या धंद्याचा पाया 1920 च्या दशकात कपाशीने घातला होता. भात बाप असेल, तर कपाशी आजी.

आगीच्या विमानाचे मूळ बाँबफेकी विमानात शोधणाऱ्यांचे म्हणणे मात्र टिकत नाही. 1930 साली लाकडी पिंपांत पाणी भरून ती विमानातून टाकून पाहिली होती. 1947 मध्ये मोंटानात लढाऊ आणि बाँबफेकी विमानांतून पाण्याचे बाँब टाकले. पिंप असो की बाँब, बंद भांडे जमिनीवर आपटून फुटले तरच पाणी मोकळे होते, आणि खाली माणसे आग विझवत असतात. उघडे पाणी हवेत विरून जाईल ही भीती 1953 पर्यंत कायम होती. त्या वर्षी डग्लस कंपनीच्या डीसी-7 विमानाने चाचणीत भारासाठी भरलेले पाणी धावपट्टीवर सोडले आणि लांबच लांब ओला पट्टा उमटला. मोकळे पाणी एकदम सोडले तर खाली पोचते, हे तेव्हा डोळ्यांनी दिसले. तळाला झडप असलेली टाकी त्या वेळी शेतीच्या विमानांत तयार होती.

कॅनडाची गोष्ट वेगळी. तिथे तळ्यांवर उतरणारी विमाने होती आणि त्यांच्या तराफ्यांत पाणी भरण्याचे प्रयोग 1940 च्या दशकातच ऑंटारिओत झाले. त्या शाखेतून सीएल-215 हे पिवळे-तांबडे उडते जहाज 1967 मध्ये आकाशात गेले. पुढच्या सीएल-415 ने पाण्याला पोट टेकवून जाता जाता बाराएक सेकंदांत 6,000 लिटर पाणी उचलण्यापर्यंत मजल मारली. मॉडेलवाल्यांत हीच शाखा जास्त लाडकी, कारण हेलर या फ्रेंच कंपनीने एकास बहात्तर प्रमाणात तिचे किट काढले. त्या मापात तिचे पंख जवळजवळ 40 सेंटिमीटर भरतात. देखणेपणात शेतीची शाखा तिच्यापुढे हरते, एवढे कबूल.

एकास बहात्तर हे माप 1932 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ‘स्कायबर्ड्स’ या लाकडी मॉडेलांसाठी रूढ केले. सहा फुटांचा माणूस एका इंचात बसवायचा, हा त्याचा हिशेब. मराठवाड्यात विहिरीची खोली परसात, म्हणजे पुरुषभर उंचीत मोजतात. हे मापही तसेच, एका परसाला एक इंच. या मापाला जगभर नेले ते युद्धाने. 1942 मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून शत्रूची आणि मित्राची विमाने ओळखण्यासाठी पाच लाख मॉडेल याच मापात मागवली. पस्तीस फुटांवर धरलेले मॉडेल अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते, हे त्यामागचे गणित. एकट्याचा विरंगुळा वर्गभराचे काम झाला. एकच विषय घेऊन अनेकांनी ठरल्या मुदतीत मॉडेल करायची, या आजच्या ‘ग्रुप बिल्ड’च्या रिवाजाची मुळे त्या वर्गांत असावीत असे मानायला भरपूर जागा आहे.

आगीच्या विमानाचे मॉडेल चार जणांत जास्त चांगले होते, कारण त्यात कामे वेगवेगळ्या हातांची असतात. नकाशावरून माप काढणारा एक, सनबोर्ड कापून टाकी जुळवणारा दुसरा, कानशीने आणि पॉलिश पेपरने उतार आणणारा तिसरा. शेवटचे काम रंगाचे, आणि खरी परीक्षा तिथेच. झडपेच्या मागे पोटावरून शेपटीपर्यंत गेलेला तांबडा ओघळ नीट जमला पाहिजे. झडपेच्या कडेशी तो दाट हवा, मागे वाऱ्याने ओढल्यासारखा विरळ होत जायला हवा. पातळ केलेला तांबडा-नारिंगी रंग कोरड्या ब्रशने पुढून मागे ओढला तरच तो खरा दिसतो. आडवा हात फिरला की सगळे बिघडते.

तो तांबडा रंग कुठून आला, यात शेतीचा धागा पुन्हा सापडतो. 1956 च्या ताफ्याने पाण्यात बोरेटचे मिश्रण टाकायला सुरुवात केली. आग अडली, पण जमीन नापीक होऊ लागली, म्हणून बोरेट सोडावे लागले. त्याच्या जागी अमोनियम फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट आले. जालन्याच्या कृषी सेवा केंद्रात डीएपी म्हणून जे पोते मिळते, तेच डायअमोनियम फॉस्फेट या मिश्रणांत वापरले जाते. कुठे पडले ते वैमानिकाला दिसावे म्हणून त्यात आयर्न ऑक्साइडचा तांबडा रंग घालतात, आणि काही मिश्रणांत दाटपणासाठी गवारीचा डिंक. विमान शेतीचे, टाकी शेतीची, आणि टाकीतला माल म्हणजे खत आणि गवार.

भारतात या घराण्याचा स्वतःचा वंशज आहे: हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे एचए-31 बसंत. 30 मार्च 1972 रोजी उडालेले हे फवारणीचे विमान. इंजिन 400 अश्वशक्तीचे, पंख 12 मीटर, लांबी 9 मीटर, टाकी वैमानिकाच्या पुढे. अपघातात विमान नाकावर आपटले तर भरलेली टाकी वैमानिकाच्या पाठीवर येऊ नये, हे तत्त्व अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी 1950 च्या एजी-1 विमानात घालून दिले होते. बसंतची ठेवण त्याच वळणाची. एकास बहात्तर मापात त्याचे पंख 16.7 आणि लांबी 12.5 सेंटिमीटर. तळाला मोठी झडप, पोटावर तांबडा ओघळ, शेपटीवर ठळक आकडा, एवढे केले की आगीवर जाणारा बसंत तयार होतो. खरा बसंत या कामासाठी घडवलेला नव्हता. पण नोल्टांनी स्टिअरमनला जे केले त्याहून वेगळे काही मॉडेलवाला करत नाही, त्यामुळे ही कल्पना घराण्याच्या रीतीतलीच आहे.

प्रत्यक्षात आपल्याकडे वणव्यावर पाणी नेले ते हेलिकॉप्टरने. मार्च 2023 मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा हवाई दलाची एमआय-17 आणि नौदलाची हेलिकॉप्टरे आली. एमआय-17 खाली दोरांवर लोंबणारी ‘बांबी बकेट’ कॅनडाच्या डॉन आर्नी यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेली, घडी घालता येणारी बादली. हवाई दलाच्या बादलीत 3,500 लिटरपर्यंत पाणी मावते. ही शाखा तळ्यावरची, वावराशी तिचे नाते नाही. एमआय-17 चे किट एकास बहात्तरमध्ये सहज मिळते. बादली मात्र हाताने शिवावी लागते: नारिंगी रंगवलेला पातळ कपडा, वरच्या कडेला तारेचे कडे, आणि सगळे दोर एका आकड्याला. दोर ताणलेले दिसावेत म्हणून बादलीत शिशाचा मणी टाकतात.