पालकांची लोकसांख्यिकीय वैशिष्ट्ये (शालेय सर्वेक्षणांतील)

प्राथमिक शाळेत जाणाऱ्या, साधारण ६ ते ११ वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांचे वय, शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, मातृभाषा, सामाजिक प्रवर्ग, कुटुंबाचा आकार व निवासस्थान यांविषयी सर्वेक्षणात नोंदवली जाणारी माहिती. मुलाच्या वाचन-गणितातील प्रगतीत शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, याचा अंदाज या माहितीवाचून बांधता येत नाही.

या वैशिष्ट्यांत पालकांच्या, विशेषतः आईच्या, शिक्षणाला मोठे स्थान आहे. कितवीपर्यंत शिक्षण झाले हे सहज सांगता येते आणि ते पुढे फारसे बदलत नाही. उत्पन्नाचे तसे नाही. शेती व रोजंदारी करणाऱ्या कुटुंबांची मिळकत हंगामागणिक बदलते आणि अनेकांना ती सांगणे नकोसे वाटते. म्हणून पक्के घर, वीजजोडणी, शौचालय, वाहन यांसारख्या बाबींवरून आर्थिक स्थिती ठरवतात. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत १९९२-९३ पासून होत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील संपत्ती निर्देशांक याच तत्त्वावर आधारलेला आहे. शहरी कुटुंबांसाठी १९७६ मध्ये मांडलेली कुप्पुस्वामी श्रेणी मात्र कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय व कुटुंबाचे मासिक उत्पन्न यांना गुण देऊन पाच स्तर पाडते. महागाईनुसार तिच्या उत्पन्नमर्यादा वेळोवेळी सुधाराव्या लागतात.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ मध्ये सुरू झालेले ‘असर’ हे ग्रामीण भारतातील सर्वेक्षण घरोघर जाऊन केले जाते. त्यामुळे शाळाबाह्य मुले आणि त्यांचे पालकही पाहणीत येतात. कोविड साथीत, २०२० मध्ये, ते दूरध्वनीवरून झाले. त्या वेळी आई-वडील दोघांचेही शिक्षण पाचवीपर्यंत किंवा त्याहून कमी असल्यास ‘अल्प’, दोघांचेही किमान नववीपर्यंत असल्यास ‘उच्च’ आणि उरलेल्यांचे ‘मध्यम’ असे गट केले गेले. अल्प गटातील घरांत स्मार्टफोन आणि मुलांना अभ्यासात मिळणारी मदत, दोन्ही उच्च गटापेक्षा कमी आढळले.

नोंदींची विश्वासार्हता उत्तर कोण देतो यावरही अवलंबून असते. मूल आजी-आजोबांकडे राहत असेल, तर सांभाळ करणारी व्यक्ती आणि जन्मदाते पालक यांची माहिती वेगळी नोंदवावी लागते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे गळीत हंगामात घरी भेटत नाहीत, दूरध्वनी नसलेली कुटुंबे दूरध्वनी-पाहणीत निसटतात आणि शाळेमार्फत घरी पाठवलेली प्रश्नावली निरक्षर पालकांना स्वतः भरता येत नाही. परिणामी स्थिर व शिक्षित पालकांचे प्रमाण वास्तवापेक्षा जास्त दिसू शकते. पाहणीत कमी आलेल्या गटांना भारांक देऊन ही त्रुटी काही अंशी भरून काढता येते. जो गट पाहणीत आलाच नाही, त्याची उणीव मात्र भारांकाने भरत नाही.

पालकांचे शिक्षण आणि मुलाची प्रगती यांत सहसंबंध दिसला, तरी तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिक्षित पालकांचे उत्पन्न, त्यांनी निवडलेली शाळा, खाजगी शिकवणी आणि घरातील पुस्तके हे घटकही त्याच दिशेने काम करत असतात.